वीतभर धागा

आधी मांडीचं सांगते, कारण तीच मी लपवली होती.

डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या चार बोटं वर, रुपयाएवढा एक डाग होता. आजूबाजूच्या कातडीपेक्षा थोडा फिका, त्यावर लव नाही, चिमटा काढला तर कळत नाही. दुसऱ्या कोणत्याही बाईला हे चमत्कारिक वाटलं असतं. मला वाटलं नाही, कारण आमच्या गल्लीत बायकांच्या मांडीवर असं काही ना काही असायचंच. आम्ही आंधळगावचे, कोशाचं कापड विणणारे. पुरुष मागावर बसतात आणि बायका धागा काढतात. उकळून मऊ केलेले पाच-सहा कोसे, म्हणजे रानरेशमाच्या किड्यांचे कोष, पुढ्यात घ्यायचे, त्यांच्या तंतूंची टोकं एकत्र धरायची, डाव्या हाताने ओढत जायचं आणि उजव्या तळव्याने ते तंतू उघड्या मांडीवर वळायचे. वळलेला धागा लाकडी फिरकीवर गुंडाळायचा. दिवसभर हेच काम. दोन-चार वर्षांत त्या जागेची लव जाते आणि कातडी राठ होते.

तरी एकदा मी सासूबाईंना डाग दाखवला. त्यांना घरात सगळे माय म्हणत, मीही म्हणायची. मायने आपलं लुगडं वर सरकवून स्वतःची मांडी पुढे केली.

"हे पाह्य. मले बी हाये ना. धाग्याची मांडी अशीच होते. कायले भेतं?"

तिची मांडी खरंच तशी होती, राठ आणि गुळगुळीत. मी निश्चिंत झाले. तिच्या मांडीला टोचून पाहायचं मला सुचलं नाही आणि माझ्या मांडीला टोचून पाहायचं तिला सुचलं नाही. त्या दुपारी दोघींपैकी कोणाला एक सुई घ्यायची बुद्धी झाली असती तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

लिहायला मला आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं. आता नव्या गोळ्यांची पत्ती आली आहे, थोडक्या काळात माणूस मोकळा होतो. पण पेशंट बाया अजूनही डाग लपवतात आणि ऑपरेशन झालेल्या बाया व्यायाम सोडून देतात. नर्सबाई म्हणाल्या, "इंदूबाई, तुम्ही बोलता तसंच लिहा." मी बोलते ते त्यांनी पूर्ण ऐकलेलं नाही, म्हणून असं म्हणाल्या. मी सातवी शिकलेली आहे. जमेल तसं लिहिते.

डाग पाहणारे

सरकारचे लोक गावोगाव फिरून अंगावरचे डाग तपासायचे. आमच्या गल्लीतही दोघे आले, बगलेत पिशवी आणि हातात वही. बायकांनी ओट्यावर येऊन हात दाखवले, तोंड दाखवलं, मान दाखवली. मांडी कोण दाखवणार? त्यांनी विचारलं, "अंगावर कुठं बधिर जागा आहे का?" मी नाही म्हटलं. मला ते खोटं वाटलंच नाही. धंद्याने राठ झालेली जागा ही काय सांगायची गोष्ट आहे? माझे हात तेव्हा चांगले होते. त्यांनी वहीत माझ्या नावापुढे खूण केली आणि ते शेजारच्या घरी गेले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एकदा मी उकळत्या भांड्यातून कोसे काढत होते. संध्याकाळी पाहिलं तर उजव्या करंगळीवर टपोरा फोड. कधी भाजलं, पत्ता नाही. मी शेजारणीला ऐटीत सांगितलं, "माझा हात आता मुरला, गरम लागतच नाही." ती बिचारी कौतुकाने पाहत राहिली.

मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळू लागलं. पाठोपाठ अंगठा पडला. पडला म्हणजे काय, तर तो बोटांच्या समोर येईना, त्यांच्या रांगेतच उभा राहायचा. अंगठा समोर येत नसेल तर माणूस काय काय करू शकत नाही याची यादी करायला बसले तर वही पुरणार नाही. हुक लागत नाही. भाकरी मोडत नाही. कोशाचं टोक तर सापडतच नाही.

मायने आधी धागा पाहिला, हात नंतर. दारातल्या उजेडात माझी फिरकी धरून ती म्हणाली, "किती गाठी हायेत वो यात! मन कुठं हाये तुहं?"

मी हात पुढे केला. तिने तो पाहिला, फिरकी खाली ठेवली आणि ती आत निघून गेली.

भंडाऱ्याचा दिवस

आमचे हे मला एसटीने भंडाऱ्याला घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं. "मी कापूस लावीन. जिथे लागेल तिथे बोट ठेवा." मी डोळे मिटून बसले. बाहेर रिक्षांचे आवाज, व्हरांड्यात कुणाचं तरी खोकणं. बराच वेळ झाला तरी डॉक्टरांचं काही सुरू होईना, तेव्हा मी म्हटलं, "लावा ना जी."

डॉक्टर म्हणाले, "सात वेळा लावून झाला."

मी डोळे उघडले. आधी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीतून बाहेर पाहत होते.

रोगाचं नाव डॉक्टरांनी साधेपणाने सांगितलं, आवाज न चोरता: कुष्ठरोग. रोज एक पांढरी गोळी, न चुकता, काही वर्षं. गोळी सुरू झाली की घरात कोणाला काही होत नाही, एकत्र जेवा, एकत्र राहा. ते हे सगळं दोनदा बोलले. दुसऱ्यांदा ह्यांच्याकडे तोंड करून बोलले. हातासाठी ऑपरेशन असतं, पण ते दुसरीकडे, नागपूरच्याही पुढे, आणि आधी गोळ्यांनी रोग शांत व्हायला हवा.

परत येताना हे बाजारात एका भांड्यांच्या दुकानापाशी थांबले. आत जाऊन त्यांनी पितळेचं एक नवीन ताट आणि एक लोटा घेतला. मला वाटलं, माझं मन हलकं करायला घेतात. एसटीत ती पिशवी मी मांडीवर धरून बसले होते. घरी आल्यावर ह्यांनी पिशवी मायच्या हातात दिली आणि मायने ताट-लोटा न्हाणीजवळच्या कोनाड्यात ठेवला, घरातल्या भांड्यांपासून वेगळा. तेव्हा मला कळलं ते कोणासाठी होतं.

रोगाचं नाव ऐकताना मी रडले नव्हते. त्या कोनाड्यापुढे रडले.

माझी मुलगी सुमी तेव्हा सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून ती मायजवळ झोपू लागली. मला शिव्या कोणी दिल्या नाहीत, घराबाहेर कोणी काढलं नाही. पण धाग्याचं काम काढून घेतलं. सकाळी माय आणि जाऊबाई कोसे घेऊन बसत, मी दोन हात लांब बसून पाही. माय खाली मान घालून म्हणाली, "तुह्या हातानं आता होत नाई बाई." हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. त्या रांगेत परत बसायचं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. रोग बरा होणं, न होणं हे गोळीकडे होतं. रांगेत बसणं माझ्या हाताकडे होतं, आणि हात तर असा.

अंगठ्याची दोरी

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी ऑपरेशनसाठी दाखल झाले. गावात सांगितलं, इंदू माहेरी करडीला गेली. करडीत सांगितलं, इंदूला सासरहून यायला सवड नाही. पाच महिने मी दोन्ही गावांत नव्हते आणि दोन्ही गावांना त्याचं काही वाटलं नाही.

वॉर्डात चौदा खाटा. सकाळी घंटा झाली की सगळ्या बायांनी हात-पाय पाण्यात भिजत घालायचे, मग तेल चोळायचं, मग जिथे जिथे बधिर आहे तिथे तिथे डोळ्यांनी तपासायचं, कुठे कापलं का, कुठे भाजलं का. दुखत नाही म्हणून जखम झाली नाही असं समजायचं नाही. रोज आरशात तोंड पाहतात तसे आम्ही तळपाय पाहायचो.

पहिल्याच दिवशी जेवताना शेजारच्या खाटेवरच्या कांताबाईंनी माझ्या ताटातली वांग्याची फोड न विचारता उचलली आणि खाल्ली. "तुमच्यात मीठ बरोबर पडलं," म्हणाल्या. भाजी एकाच पातेल्यातली होती. माझ्या ताटात कोणाचा हात येऊन दोन वर्षं झाली होती. मी तोंड फिरवून घेतलं, तर त्या म्हणाल्या, "एका फोडीसाठी रडता का? घ्या माझी." त्यांच्या दोन्ही हातांवर ऑपरेशनं व्हायची होती. मी डाव्या हाताने त्यांची वेणी घालून द्यायची. वेणी वाकडी यायची, त्याचंही त्या सगळ्यांना दाखवून कौतुक करायच्या.

ऑपरेशनं दोन झाली. पहिल्यात वळलेली बोटं सरळ केली, त्याचं लिहीत नाही. दुसरं अंगठ्याचं. प्रत्येक बोट वळवायला आत दोऱ्या असतात. करंगळीशेजारच्या बोटाला अशा दोन असतात, त्यातली एक काढून फिरवून अंगठ्याला जोडली. तीन आठवडे प्लास्टर. ते निघालं तेव्हा हात बारीक, पांढरट आणि कोणाचा तरी दुसऱ्याचा दिसत होता.

मग मला व्यायामाच्या खोलीत मास्तरांकडे पाठवलं. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ते स्वतः याच रोगातून उठलेले, त्यांच्याही अंगठ्यावर तीच शिवण होती. त्यांनी माझा हात टेबलावर उताणा ठेवला.

"इंदूबाई, अंगठ्याला काही सांगू नका. त्याला ऐकू येत नाही. करंगळीशेजारचं बोट वळवायचं मनात आणा."

मी मनात आणलं. काही झालं नाही. दहा मिनिटं झाल्यावर मास्तर म्हणाले, "बस, आता दुपारी."

"अजून करते ना जी. मला काय काम आहे?"

"लक्ष दहा मिनिटंच राहते. पुढे नुसता हात हलतो, माणूस नसतो तिथं."

तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी सकाळी मी करंगळीशेजारचं बोट वळवायचं मनात आणलं आणि अंगठा थरथरत आत आला, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा. बोलवावं एकाला आणि यावं दुसऱ्याने, असा प्रकार. मी किंचाळलेच. मास्तर म्हणाले, "छान. आता किंचाळू नका, तसंच परत करा."

माझी लबाडी

अंगठा समोर येऊ लागल्यावर चिंचोके आले. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. अट एकच: अंगठ्याचं टोक आणि बोटाचं टोक समोरासमोर येऊन चिंचोका धरला पाहिजे. आजारपणात मला सवय लागली होती अंगठा बोटाच्या कडेला दाबून वस्तू ढकलत उचलायची. हात भरभर चालू लागला की तो हळूच त्याच जुन्या वाटेने जायचा, मला न विचारता. मास्तर त्याला चोरी म्हणत.

"उचलले किती ते मला सांगू नका," ते म्हणायचे. "बरोबर उचलले किती? पाटीवर तेवढेच मांडा."

पहिल्या दिवशी वाटी रिकामी झाली आणि पाटीवर दोन रेघा. मला फार राग आला. आमच्या घरात काम म्हणजे काय, तर सकाळी बसलं की उन्हं उतरेपर्यंत उठायचं नाही. हाताला काम देत राहिलं की हात वळतो, हेच आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. हा माणूस दहा मिनिटांत उठवतो, तर माझा हात वळायचा कधी?

महिन्यातून एकदा हे भेटायला येत. येत मात्र नक्की, उन्हातान्हात तीन गाड्या बदलून. खाटेपासून जरा लांबच स्टूल ओढून बसत. मी एकदा त्यांना कोसे आणायला सांगितलं, आणि त्यांनी रुमालात बांधून वीस-पंचवीस कोसे आणले. मास्तरांना हे सांगायचं नव्हतं. मी दुपारी वॉर्ड निजला की खाटेवर पाय पसरून बसायची, कोसे भिजवायची आणि टोकं काढत राहायची. दोन-दोन तास. टोकं निघू लागली. पुढच्या खेपेला हे येतील तेव्हा धागाच हातात ठेवायचा, असं मनात होतं.

पंधरा दिवसांनी मास्तरांनी माझा हात पाहिला. मनगट सुजलं होतं. त्यांनी चिंचोका पुढे केला. मी उचलला, अगदी झटकन, अंगठ्याच्या कडेने.

"कुठं केला हा सराव?"

मी रुमाल दाखवला.

"तुम्ही पंधरा दिवस मन लावून चूक शिकलात," मास्तर म्हणाले. ते रागावले नव्हते, थकल्यासारखे वाटले. "आता ती आधी पुसावी लागेल."

हात पुन्हा प्लास्टरमध्ये गेला. आठ दिवस मी छताकडे पाहत पडून होते. भीती आजाराच्या नावाची वाटली नव्हती इतकी या आठ दिवसांत वाटली. जोडलेली दोरी तुटली असली तर? कांताबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या घरी धागा शिकवते कोण?" मी म्हटलं, सासू. "ती कशी शिकवते? अशी दोन-दोन तास?"

मी उठून बसले.

माय अशी शिकवत नव्हती. माझ्या माहेरचा माग सुटून दोन पिढ्या झालेल्या, करडीला आमची धानाची शेती. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा मला रोवणी येत होती, कोसा कशाशी खातात माहीत नव्हतं. मायने मला वीतभर धागा वळायला लावला. फक्त एक वीत. मग थांबायचं, दारातल्या उजेडात तो धरायचा, कुठे जाड, कुठे बारीक ते मीच शोधून सांगायचं. गाठ दिसली की ती वीत तोडायची आणि तेवढीच परत वळायची. मी म्हणायची, माय, जाऊ दे ना, पुढचा चांगला काढीन. ती म्हणायची, "सगळा धागा कोन पाह्यते? एक वीत पाह्य." वळताना बोलू द्यायची नाही. सहा महिने मी विती मोजल्या. मग एक दिवस तिने मोजणं बंद केलं.

ते सगळं मी विसरले होते. येऊ लागलं की माणूस शिकणं विसरतो.

प्लास्टर निघाल्यावर मी रुमालातले कोसे मास्तरांच्या टेबलावर ठेवून दिले आणि एक चिंचोका उचलला. थांबले. पाहिलं. कडेने आला होता. परत ठेवला. दुसऱ्यांदा बरोबर आला. पाटीवर एक रेघ. त्या दहा मिनिटांत मी चारच चिंचोके हलवले आणि खोलीबाहेर आले तेव्हा घामाने भिजले होते.

चिंचोक्यांनंतर तूर, तुरीनंतर तीळ, तिळानंतर सुई. बोटांना लागत नव्हतंच, ते आता कधी लागणारही नाही, म्हणून डोळ्यांना लागायला शिकवलं. वस्तू किती दाबली हे नखाच्या रंगावरून ओळखायचं. शेवटच्या महिन्यात मास्तरांनी रुमाल परत दिला. मी भिजवलेल्या कोशाचं टोक काढलं, समोरासमोर धरून. दहापैकी नऊ वेळा.

"आता घरी जा," मास्तर म्हणाले. "फक्त एक. त्या डागाच्या मांडीवर धागा वळू नका. तिला कळत नाही. घासून घासून जखम होईल आणि तुम्हाला हाडापर्यंत गेल्यावर दिसेल. दुसरी मांडीही नको, तिथंही थोडं बधिर आहे."

मी म्हटलं, मग कुठे वळू? त्यांनी हात पसरले. धागा त्यांचा विषय नव्हता.

घरी

घरी आले. सुमी दारात उभी राहून माझ्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तशी पाहत होती, मग धावत आली. कोनाड्यातलं ताट घासून लख्ख ठेवलेलं होतं, आणि कोनाड्यातच होतं.

पाच महिन्यांत घरही बदललं होतं. जाऊबाई वेगळ्या राहू लागल्या होत्या. धाग्याला माय एकटी उरली होती आणि मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती कोणाला सांगत नव्हती. मागावर हे वारंवार थांबायचे, तुटलेला धागा जोडायचे, परत सुरू करायचे. आईला एक शब्द बोलत नव्हते. तो माग थांबल्याचा आवाज घरभर ऐकू यायचा, मायलाही.

मी रोज तीन वेळा दहा मिनिटं माझा सराव करायची, माजघरात, तीळ घेऊन. दोन हात लांब माय कोसे घेऊन बसलेली असायची. लाकडाच्या पाटावर धागा वळून पाहिला, धागा नुसता घसरत राहिला, पीळ बसेना. कौलावर पाहिला, तंतू तुटले. पीळ बसायला कातडीच लागते.

पंधरा-वीस दिवस असेच गेले असतील. एका सकाळी माय एकाच कोशाचं टोक शोधत बसली होती. बोटांनी चाचपत होती, कोसा गोल गोल फिरवत होती, डोळ्यांजवळ नेत होती. माग थांबलेला. मी माझे तीळ बाजूला ठेवले, सरकत तिच्याजवळ गेले आणि तिच्या हातातून कोसा घेतला. अडीच वर्षांत पहिल्यांदा माझा हात तिच्या हाताला लागला. तिने हात मागे घेतला नाही.

मी करंगळीशेजारचं बोट वळवायचं मनात आणलं. अंगठा समोर आला. टोक धरलं, काढलं, तिच्या पुढ्यात ठेवलं. मग दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. माय माझ्या अंगठ्याकडे पाहत होती, तिला जेवढं दिसत होतं तेवढं.

"कसा वो येते हा आता?"

"दुसऱ्या बोटाला सांगते, माय. मग हा येतो."

सहा टोकं झाली. मी ती एकत्र धरली आणि थांबले. आता वळायचं कुठे? मायने माझ्या लुगड्यावरून माझी डावी मांडी बोटाने दाबली. बरोबर डागावर.

"इथं लागते?"

"नाही."

"मीच म्हटलं होतं ना वो," ती म्हणाली. "का तसंच असते म्हनून. मीच म्हटलं." मी तिला समजावलं नाही. मला अडीच वर्षं हेच ऐकायचं होतं आणि ऐकल्यावर तिची कीवही आली.

तिने डोळे पुसले. मग आपलं लुगडं वर सरकवलं आणि पाय माझ्या बाजूला पसरला. तीच मांडी, राठ आणि गुळगुळीत, वर धागा घसरू नये म्हणून लावलेल्या राखेचा पातळ थर.

"घे. इथं वळ."

"माय..."

"माह्या इथं लागते. तुले लागत नाई, मले दिसत नाई. वळ."

माझा तळवा तिच्या मांडीवर टेकला. मला त्याचा स्पर्श कळला नाही. तिला कळला, ती जराशी हलली आणि मग स्थिर झाली. आत माग अजून बंदच होता. हे दाराशी येऊन उभे होते, किती वेळ ते माहीत नाही. माझं ताट त्यांनी त्या दिवशी कोनाड्यातून काढून घरच्या भांड्यांत ठेवलं, ते मी संध्याकाळी पाहिलं.

मी डाव्या हाताने तंतू ओढले, उजव्या तळव्याने वळले. नजर धाग्यावर, तोंड बंद. एक वीत झाली. मायने डोळे मिटले होते.

"गाठ हाये," ती म्हणाली.

मी धागा उजेडात धरला. गाठ होती. मी ती वीत तोडली आणि परत सुरू केलं.